शेवटची गाठ घराची

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू फुटतं आणि मग कानाच्या पाळ्या गरम होतात. हसू येतं, कारण माझ्या सगळ्या नोकरीतला इतका आनंदाचा दिवस दुसरा नाही. आणि कान तापतात, कारण चोरी खुद्द आमच्या ठाण्यात झाली होती. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण चोरानं ठाण्यावरच हात मारला हे वरिष्ठांना कळवायची पाळी माझ्यावर एकदाच आली.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं. आमचा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता, पण ठाण्यातले छापील कागद अजून जुन्याच नमुन्याचे होते. वर्धा जिल्ह्यात रेल्वेलाईनवरचं एक कापसाचं गाव, त्याचं नाव सांगत नाही. मी नवा फौजदार. वय सत्तावीस, मिशा दोन महिन्यांच्या, आणि आपण चेहऱ्यावरून माणूस ओळखतो असा पक्का समज.

ठाण्याच्या ओसरीत एक जाड पितळी थाळी टांगलेली असे. पहाऱ्यावरचा शिपाई दर तासाला लाकडी मोगरीनं तिच्यावर टोले देई. गावात घड्याळं बोटांवर मोजण्याइतकी. बायका टोल्यावर चूल पेटवत, पोरं टोल्यावर शाळेत पळत. सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखाना होता, त्याला सगळे जिन म्हणत. ते जिनसुद्धा पाच टोले पडले की सुटे. थोडक्यात गावाची वेळ आमच्या ओसरीत टांगलेली होती.

एका रविवारी, बाजाराच्या दिवशी, ती थाळी गेली.

आम्ही बहुतेक सगळे बाजारात बंदोबस्ताला. ठाण्यात एकटा पहारेकरी. त्यानं संध्याकाळी सांगितलं, ‘साहेब, पाचचे टोले देल्ले, दिवाबत्ती कराले मांगं गेलो, येऊन पायतो तं थाळी नाई.’ रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या वहीत, त्यानं चारचे आणि पाचचे टोले दिल्याची नोंद केलेली होती. मी त्यावर सही ठोकली. पंधरा दिवसांनी जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार होते. मी गावात सांगून टाकलं की थाळीला तडा गेला म्हणून ती वर्ध्याला दुरुस्तीला पाठवली आहे. माझ्यासमोर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पाठ वळताच हसले. दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं मला दाढी करता करता विचारलं, ‘सापडली का साहेब?’

पाच दिवस आम्ही भंगारवाले चाळले, तांबटाची भट्टी पाहिली, नदीचा डोह पाहिला. काही नाही. शनिवारी सकाळी ठाण्यात जिनचा मुकादम आला. पांढराशुभ्र फेटा, बोलणं मधाळ. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जो माणूस आणला त्याला मी जमिनीवर बसवलं होतं.

मुकादम म्हणाला, ‘साहेब, गरिबाचं नाव घ्याचं जिवावर येते. पन तो दोरवाला येडा हाय ना, त्याले त्या थाळीचा लय राग. टोले पडले का कान दाबून पयते. रविवारी दिवाबत्तीच्या टायमाले म्या त्याले ठान्याजवळ घुटमळतानी पाह्यलं. आन आता रोज सांजीले जिनच्या फाटकावर येऊन वरडते. एखांद्या दिशी गोटा मारन कोनाले.’

पटण्यासारखं होतं. दोरवाला सगळ्यांना माहीत होता. तिशीचा, उंच, काटकुळा. अंबाडीचे दोर वळायचा, बैलांचे कासरे, विहिरीचे सोल. त्याचा दोर कधी तुटत नाही अशी ख्याती होती. पण तो कोणाकडे बघत नसे, कोणाशी बोलत नसे, बोलला तर तेच तेच बोले. विधवा थोरल्या बहिणीजवळ राही. तिला तो बाई म्हणायचा. आमच्याकडे थोरल्या बहिणीला असं म्हणतात. बहीण जिनमध्ये कामाला होती. असल्या माणसाला आज डॉक्टर लोक स्वमग्न म्हणतात. तेव्हा आमच्या ठाण्यात त्यासाठी एकच शब्द होता आणि तो मुकादमानं वापरलाच होता.

नऊ वाजता त्याला आणला. दोन शिपायांनी दोन दंड धरले होते आणि तो असा ताठ झाला होता की त्याला अक्षरशः उचलून आणावं लागलं. हवालातीत टाकण्याआधी झडती घेतली. कमरेला एक हातभर लांब बारीक दोरी निघाली, तिला ओळीनं गाठी मारलेल्या. आरोपीजवळ दोरी, पट्टा, करगोटा काही ठेवायचं नाही, गळफासाची भीती असते, असा नियमच. हवालदारानं ती काढून घेतली आणि यादीत लिहिलं, ‘अंबाडीची दोरी एक, गाठी पाच.’

दोरी काढली मात्र, तो माणूस खाली बसला आणि पुढं-मागं झुलायला लागला. तोंडानं एकच चालू, ‘पह्यले बाई, मंग ढोरं. पह्यले बाई, मंग ढोरं.’

मी विचारपूस सुरू केली. विचारपूस कसली, आरडाओरडाच. फरशीवर आमच्या बुटांचे खिळे वाजत होते, हवालदार टेबलावर दंडुका आपटत होता, आणि मी त्याची हनुवटी धरून सांगत होतो, ‘माझ्या डोळ्यांत बघ.’ नजर चुकवतो तो गुन्हेगार, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकून आलो होतो. त्यानं डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, झालं, हाच तो, आणि त्याला हवालदारावर सोपवून बाहेर आलो.

तासाभरात हवालदार बाहेर आला, चेहरा फुललेला. ‘साहेब, कबूल झाला.’

‘काय म्हणाला?’

‘म्या म्हनलं, थाळी तूनंच चोरली. तो म्हनते, तूनंच चोरली.’

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे मला पाठ होतं. पण मनाला ती पुरते, हाच तिचा धोका. मी लिहायला बसलो. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं, म्हणजे उद्या सकाळच्या गाडीनं वर्धा. तिथून तुरुंग, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. टाक दौतीत बुडवला आणि हात थांबला. ‘तूनंच चोरली’ हे कोण कोणाला म्हणालं?

मी उठून गजांशी गेलो आणि म्हणालो, ‘थाळी फौजदारानं चोरली.’

‘फौजदारानं चोरली,’ तो झुलत झुलत म्हणाला.

‘थाळी हवालदारानं चोरली.’

‘हवालदारानं चोरली.’

हवालदाराची पंचवीस वर्षांची नोकरी. त्याचं तोंड असं झालं की मला पहिल्यांदा त्या दिवशी हसू आलं. पण कागद मी फाडून टाकला. हा कबूल होत नव्हता, आम्ही जे फेकत होतो तेच परत देत होता. मग खरं काय ते याच्याकडून काढायचं तरी कसं?

दुपारी त्याला जेवण आलं. भातावर वरण ओतलेलं. त्यानं थाळा दूर सारला आणि डोकं गजांवर आपटायला लागला. मी उठेपर्यंत दारातून आवाज आला, ‘साहेब, त्याले हात नोका लावू. हात लावला का अजून आपटते.’

ती बहीण होती. चाळिशीची, केसांत कापसाचा भुगा, पदराला बांधलेली भाकर. कारखान्यात कोणी तरी सांगितलं तशी उठून आली होती. मुकादम म्हणाला होता, आता गेलीस तर सोमवारी येऊ नको. ती आली होती.

तिनं मला हात जोडले नाहीत, रडली नाही. आधी शिपायांना म्हणाली, ‘भाऊ, ते बूट काढा ना जरा.’ आणि माझ्या शिपायांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बूट काढले. मग तिनं गजांतून भाकर दिली, चटणी वेगळ्या कागदावर, भाकरीला शिवणार नाही अशी. जवळ बसली पण अंगाला लागली नाही. हळू आवाजात, दोन दोन शब्दांत काहीतरी बोलत राहिली. पाच मिनिटांत तो खायला लागला. मी आणि हवालदार दोघे ओसरीच्या खांबाला टेकून बघत होतो. सकाळपासून चार माणसांना जे जमलं नव्हतं ते त्या बाईनं बसल्या बसल्या केलं.

‘त्याची दोरी कोठी हाय?’ तिनं विचारलं.

‘जमा आहे. नियम आहे,’ मी म्हणालो.

‘साहेब, तो त्याचा दिस हाय.’

मग तिनं समजावलं. रोज सकाळी ती त्याला त्या दोरीवर दिवस बांधून देई. पहिली गाठ आंघोळीची, दुसरी भाकरीची. अंबाडीचा झुबका अडकवलेली गाठ कामाची. लाल लुगड्याची चिंधी असलेली गाठ म्हणजे बाई जिनमधून घरी आली. नंतरची जाड दुहेरी गाठ म्हणजे ढोरं रानातून परतली. मग दिव्याची. शेवटी एक मोठा फासा, तो घराचा, म्हणजे दार लागलं, आता कोणी येणार नाही, आता निवांत. जी गोष्ट झाली तिची गाठ तो सोडून टाके. पुढं काय आहे हे बोटांना कळलं की त्याला भीती वाटत नसे. न सांगता काही झालं की त्याचं जग उलटंपालटं होई.

‘आन तुमी त्याचा दिसच काढून घेतला,’ ती म्हणाली. ती चिडून बोलली नव्हती, पण मला ते लागायचं तिथं लागलं.

मी दोरी आणवली. हातात घेऊन बघत असताना ते सकाळचं वाक्य पुन्हा कानावर आलं. ‘पह्यले बाई, मंग ढोरं.’

‘हे काय म्हणतो तो?’

‘काई नाई साहेब. सोम्मारापासून त्याचं हेच चालू हाय. मी येईपर्यंत ढोरं येऊन जातात, त्याची गाठ मांगंपुढं होते. मंग तो जिनच्या फाटकावर येऊन वरडते. आता दिस लाहान झाले, त्याले कोन सांगन?’

मी म्हणालो, ‘बाई, एका आठवड्यात दिवस एवढे लहान होतात का? जिन सुटतं किती वाजता?’

‘पाच टोल्याले.’

‘टोले बंद आहेत ना रविवारपासून?’

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग सावकाश म्हणाली, ‘मुकादम फाटक उघडते तवा सुटतो आमी.’

आत भुगा, अंधार, मशीनचा धडधडाट. सूर्य दिसत नाही. घड्याळ एकट्या मुकादमाच्या खिशात. दोनशे बाया-माणसं रोज जास्त राबत होती आणि दिवस लहान झाले म्हणून मार्गशीर्षाला दोष देत होती. आणि हे गावात फक्त एका माणसाला खुपत होतं, ज्याला आम्ही येडा म्हणून कोंडलं होतं. आणि खरं सांगतो, सकाळी मुकादमाला पाजलेला चहा मला आठवला.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी बहिणीला विचारलं, ‘तो मला दोन गोष्टी सांगेल का?’

‘सांगन. पन तुमी तुमच्यासारखं इचारू नोका. त्याच्याकडं नोका पाहू. थोडं बोला आन थांबा. तो लय उशिरानं बोलते, पन बोलते.’

‘आणि विचारायच्या आधी?’

‘आधी दोरी बांधा लागन. आज काय काय होनार ते.’ तिनं दोरी घेतली, जुन्या गाठी सोडल्या आणि नव्या बांधायला बसली. पाण्याची एक. साहेबाच्या प्रश्नाची एक. लाल चिंधीची बाईची. ढोराची. मग तिचे हात थांबले.

‘साहेब, शेवटची कोनती बांधू?’

मला कळलं नाही.

‘घराची बांधू का? म्या त्याले आजपावतो खोटी गाठ देल्ली नाई. तुमी त्याले वर्ध्याले नेनार असान तं तसं सांगा. तशी बांधतो. पन तिथं तो आठ दिस नाई जगनार, तेबी सांगतो तुमाले.’

हवालदारानं मान वळवली. माझ्याकडे पुरावा शून्य, सुटकेचा आधार शून्य, आणि कागद म्हणत होते की आरोपी हाच. मी फौजदारकीच्या परीक्षेत पहिला आलो होतो, पण हा प्रश्न त्यात नव्हता.

‘घराची बांध,’ मी म्हणालो.

तिनं फासा आवळला आणि दोरी आत दिली. त्यानं ती बोटांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. शेवटच्या फाशावर बोट आलं आणि त्याचं झुलणं थांबलं.

मी टोपी काढली, पट्टा काढला, कोठडीत गेलो आणि फरशीवर त्याच्याशेजारी, समोर नव्हे, भिंतीला टेकून बसलो. दोघेही समोरच्या खिडकीकडे बघत होतो. मी विचारलं, ‘रविवारी टोले वाजले. शेवटचे किती?’

आणि थांबलो. पोलिसाला थांबणं जमत नाही. दोनदा तोंड उघडलं, दोनदा बहिणीनं बोट वर केलं. बाहेर कोणाची तरी बैलगाडी येऊन गेलीसुद्धा.

मग तो म्हणाला, ‘तीन.’

‘चार?’

‘चार नाई वाजले. म्या कान दाबले. वाट पाह्यली. नाई वाजले. पाच नाई वाजले.’

ज्याला तो आवाज सोसत नव्हता त्यानंच प्रत्येक टोला मोजला होता. त्याचं दोराचं दुकान बाजारात आमच्या ओसरीसमोरच लागायचं. पुढचा टोला कधी पडेल या धाकात तो दर तासाला कानावर हात ठेवून तयार बसे. बाजाराच्या गर्दीत ओसरी झाकून गेली होती आणि गलक्यात टोले चुकले हे बाकी कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. गावात त्याच्याइतका पक्का साक्षीदार नव्हता.

त्यानं प्रश्नाची गाठ सोडली. मी उठलो आणि पहारेकऱ्याला नुसतं विचारलं, ‘चारचे टोले दिलेस?’

तो माझ्याकडे बघू लागला, अगदी सरळ डोळ्यांत, जसं आम्हाला शिकवलं होतं तसं. ‘देल्ले साहेब.’ मी काही बोललो नाही. नुकताच शिकलो होतो, थांबलो. अर्ध्या मिनिटात तो ढासळला. बाजारात दोन बैल जुंपले होते, म्हणजे शिंगं अडकवून भिडले होते. ते बघायला तो साडेतीनच्या सुमारास धावत गेला होता. परत आला तेव्हा थाळी नव्हती. भीतीनं त्यानं खोटे टोले लिहिले आणि दिवाबत्तीची गोष्ट रचली.

‘बैल जुंपलेत हे तुला सांगितलं कोणी?’

‘जिनच्या मुकादमानं. मले म्हने, लवकर जा, मानसं चेंगरतात. म्या थांबतो ठान्यात.’

आता सगळं जुळलं. थाळी गेली साडेतीनला, आणि मुकादमानं दोरवाल्याला पाहिलं दिवाबत्तीला. शिपायाची थाप गावभर झाली होती, त्याच थापेवर मुकादमानं आपली थाप टांगली होती.

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी दोघा भावंडांना ओसरीत बसवलं, दोन पंच घेतले आणि सायकलवर टांग टाकली. हवालदार मागच्या कॅरिअरवर. जिनच्या फाटकासमोर खिशातलं घड्याळ उघडून उभा राहिलो. पाच वाजले. फाटक बंद. पाच वाजून पाच, फाटक बंद, आत धडधड चालू. मी फाटकावर हात मारला.

मुकादमानं उघडलं. मी घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. ‘मुकादमसाहेब, तुमचं मागं पडलंय का पुढं?’

त्याच्या फेट्याखालून घाम निथळला, थंडीत. पुढचं फार बोलणं झालंच नाही. मालकाकडून शाबासकी हवी होती, हंगामात रुईच्या जास्त गाठी, म्हणजे दाबून बांधलेले गठ्ठे, काढून दाखवायच्या होत्या. बाकीच्या गोष्टी त्यानं पायानंच सांगितल्या, कारण आम्ही सरकीच्या गोदामाकडे वळलो तसा तो धावत आडवा आला. सरकीच्या ढिगात हवालदारानं खांद्यापर्यंत हात घातला आणि म्हणाला, ‘थंड लागून राह्यलं साहेब.’ थाळी बाहेर आली, अंगभर सरकी चिकटलेली. मशीनं बंद झाली. बायका भोवती जमल्या. एकीनं विचारलं, ‘म्हंजे आमी रोज अर्धा-पाऊन तास फुकट राबलो?’ आणि मुकादमाकडे अशा चालीनं निघाली की पंचनाम्याआधी मला त्याच्या जिवाची काळजी करावी लागली.

पंच कागद लिहीत होते. मी सहज रस्त्याकडे पाहिलं. गावाबाहेर, रानातून येणाऱ्या पांदणीच्या, म्हणजे गुरावाटेच्या, तोंडाशी धूळ उठली होती. ढोरं परतत होती.

लाल गाठ आधी, मग ढोरांची. आज तरी हा क्रम चुकायला नको होता. शब्द मी दिला होता.

पंचनामा हवालदाराच्या हाती सोपवला आणि मी सायकल हाणली. आयुष्यात खूप गुन्हेगारांच्या मागे पळालो, गुरांशी शर्यत एकदाच लावली. टोपी उडाली, ती एका म्हातारीनं उचलून दुसऱ्या दिवशी आणून दिली. ठाण्यासमोर पोचलो तेव्हा छातीचा भाता झाला होता. ‘चला,’ एवढंच म्हणालो. बहिणीला कळलं. ती उठली आणि पदर खोचून पळत सुटली, चाळिशीची बाई, लहान पोरीसारखी. मागे दोरवाला लांब लांब ढांगा टाकत, दोरी हातात. आणि त्याच्या मागे सायकल ढकलत गावचा फौजदार. लोक दारात येऊन बघत होते. बघू दे.

त्यांचं घर वस्तीच्या टोकाला, ढोरांच्या वाटेवर. बहीण उंबऱ्यात शिरली आणि आतून म्हणाली, ‘बाई आली.’ त्यानं लाल चिंधीची गाठ सोडली. दहा आकडे मोजून झाले नसतील, कोपऱ्यावरून पहिली गाय वळली, घंटी वाजवत. त्यानं दुसरी गाठ सोडली. मग तो दारात टेकला आणि हसला. माझ्याकडे बघून नव्हे, गायींकडे बघून. पण ते हसू कोणासाठी होतं हे मला कोणी सांगायला नको होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

आता थाळी परत टांगायची होती आणि खरा पेच तोच होता. गावाला टोला हवा, आणि या माणसाला तो टोचतो. मी बहिणीला विचारलं, कारण शहाणपण कुठं मिळतं ते मला कळलं होतं. ती म्हणाली, ‘त्यालेच मोगरी दाखवा.’ त्यानं मोगरी उलटीपालटी करून पाहिली, घरी नेली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडाला अंबाडीचा बारीक दोर इतका घट्ट आणि सुबक गुंडाळून आणली की शिपाई तिला हात लावायला भिऊ लागले. पहिला टोला त्यानंच दिला. ठणाणा गेला होता. आवाज जात्यासारखा घुमला आणि थेट जिनच्या फाटकापर्यंत गेला. त्यानं कान दाबले नाहीत.

ठरल्या दिवशी साहेब तपासणीला आले. चार टोले ऐकून म्हणाले, ‘तुमच्या थाळीचा आवाज बदललेला वाटतो.’ मी म्हणालो, ‘होय साहेब, दुरुस्ती झाली.’ मुकादमाचं प्रकरण त्यांनी वाचलं, पहारेकऱ्याला कवायतीची शिक्षा दिली आणि माझ्या शेऱ्यात लिहिलं, ‘तपास समाधानकारक.’ हवालातीच्या नियमात मात्र मी एक ओळ हातानं वाढवली होती, की दोरी काढून घेण्याआधी ती कशाची आहे हे विचारावं. त्यावर साहेबांनी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. ते मी तसंच ठेवलं.

त्या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. गप्प बसलेला, नजर न मिळवणारा, झुलणारा माणूस काही लपवत नसतो. आपण त्याला विचारायच्या रीतीतच खोट असते. बूट काढा, हळू बोला, पुढं काय होणार ते आधी सांगा, आणि सांगितलं ते पाळा. एवढं केलं की बहुतेक कुलुपं उघडतात. हे मी पुढं कितीतरी साक्षीदारांवर करून पाहिलं, भ्यालेल्या बायकांवर, म्हाताऱ्यांवर, पोरांवर. कुठंच वाया गेलं नाही. ज्यांना येड्यात काढलं जातं त्यांच्यासाठी जे करावं लागतं ते शहाण्यांनाही हवंच असतं, फक्त ते मागत नाहीत.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. स्टेशनवर ती दोघं आली. गाडीच्या शिट्टीआधी मी त्याला बोटानं खूण केली, त्यानं कान झाकून घेतले. शिट्टी संपली तसा त्यानं माझ्या हातावर एक दोरी ठेवली, हाताला न शिवता. गाठ एकच, मोठा फासा.

‘हे काय?’ मी बहिणीला विचारलं.

‘घराची हाय साहेब. तुमचा दिस लय लांब हाय म्हने. मधल्या गाठी त्याले ठाव नाई, म्हून शेवटचीच बांधली.’

ती दोरी पंचवीस-तीस वर्षं माझ्या ट्रंकेत फिरली. किती ठाणी, किती बदल्या. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि संध्याकाळी घरी आलो. बायकोनं दार लावलं. मी ट्रंक उघडली, दोरी काढली आणि गाठ सोडायला बसलो. त्याची गाठ, सहजी कसली सुटते. नखं दुखली. बायको म्हणाली, ‘अहो, कात्री देऊ का?’

‘नको,’ मी म्हणालो. ‘खोटी नव्हती ती. सुटेल.’

आणि सुटली.